गोंदिया ते कचारगड पायी: एकट्याच्या वाटेचा पहिला दिवस

गोंदिया स्टेशनाहून कचारगडाच्या गुहांपर्यंत पायी जायचं ठरवलं, तर आडवाटा धरून साठ-पासष्ट किलोमीटर चाल होते. सवयीचा माणूस ती तीन दिवसांत संपवेल. पहिल्यांदाच एकट्यानं निघालेल्यानं चार-पाच दिवस धरावेत. ही वाट सुचवण्याचं मुख्य कारण म्हणजे नागपूर-हावडा रेल्वेलाइन. गोंदिया, गुदमा, आमगाव, धानोली, सालेकसा, दरेकसा अशी स्टेशनं ओळीनं येतात आणि वाट त्यांच्यापासून फार लांब जात नाही. एकट्या माणसाला याहून मोठा आधार नाही. पाय दुखावला, ताप आला किंवा नुसतंच मन उडालं, तरी जवळचं स्टेशन गाठून गोंदियाला परतता येतं.

कचारगड हे गोंड समाजाचं मोठं श्रद्धास्थान. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या कथांशी या गुहा जोडलेल्या आहेत. माघ पौर्णिमेच्या यात्रेला महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून लोक येतात आणि धनेगावच्या बाजूनं डोंगर चढतात. म्हणजे या वाटेच्या शेवटाला पायी येणाऱ्यांची परंपरा आहे. सुरुवातीला मात्र तुम्ही एकटे असता, म्हणून हा लेख फक्त पहिल्या दिवसापुरता आहे. पुढचे चार दिवस कसे जातील हे बऱ्याच अंशी त्या दिवशीच ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात जंगलातून नको

गोंदिया म्हटलं की बाहेरच्या माणसाला नागझिरा आणि नवेगावबांध आठवतात. मारुती चितमपल्लींच्या पुस्तकांतून हे जंगल महाराष्ट्रभर पोचलं, आणि ते वाचून इकडे पायी फिरावं असं वाटणं साहजिक आहे. पण नागझिरा अभयारण्य १९७० सालचं, नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ सालचं, आणि २०१३ पासून दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथं परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि एकट्यानं पायी भटकण्याची परवानगी मिळण्याचा प्रश्नच नाही. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडल्या. वाघांची संख्या वाढावी म्हणूनच हे चाललं आहे आणि ते चांगलंच आहे. त्यांच्या वाटेत आपण जाऊ नये, एवढंच आपलं काम.

हे जंगल प्रकल्पाच्या फाटकापाशी संपत नाही. गोंदियाहून गोरेगावमार्गे कोहमाऱ्याला जाणारा डांबरी रस्ताही मुरदोलीच्या जंगलातून जातो. दक्षिणेकडे निघालेल्यानं तो टप्पा एसटीनं ओलांडावा, त्यात कमीपणा नाही. पूर्वेची कचारगडाची वाट या बाबतीत सोयीची आहे. गोंदिया आणि आमगाव तालुक्यांतला पट्टा सपाट, धानाचा आणि दाट वस्तीचा आहे. डोंगर आणि जंगल लागतं ते सालेकशाच्या पुढे. तोवर पाय तयार झालेले असतात, बोलीची सवय झालेली असते आणि शेवटच्या टप्प्यासाठी सोबतीला गावचा माणूस मिळवण्याइतक्या ओळखीही झालेल्या असतात.

किती चालायचं

बारा ते चौदा किलोमीटर. त्याहून जास्त नको.

हा आकडा ऐकून उत्साही माणसाची निराशा होते. घरच्या रस्त्यावर आपण रोज आठ-दहा किलोमीटर चालतो, मग वीस का नको, असं वाटतं. पण पाठीवर वजन असताना आणि पायाखाली डांबर, मुरूम, ढेकळं अशी जमीन बदलत असताना वेग ताशी तीन-साडेतीन किलोमीटरवर येतो. शिवाय स्नायूंचं दुखणं त्याच दिवशी कळत नाही. सवय नसलेल्या श्रमाचं दुखणं साधारण एक ते तीन दिवसांनी भरात येतं. म्हणून पहिल्या संध्याकाळी अंगात बळ उरल्यासारखं वाटतं, त्या भरवशावर आणखी सहा किलोमीटर चाललेला माणूस तिसऱ्या सकाळी खाटेवरून उठताना कळवळतो.

आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या, शिस्तीच्या चालीकडे बघा. ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून प्रस्थान ठेवते, तेव्हा पहिल्या रात्रीचा मुक्काम आळंदीतच असतो. तुकोबांची पालखीही पहिली रात्र देहूतच काढते. लाखो माणसांना पंढरपूरपर्यंत नेणाऱ्या वारीनं पहिल्या दिवशी गाव सोडायची घाई केलेली नाही. विनोबा ८ मार्च १९५१ रोजी पवनारहून शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी पायी निघाले. सुमारे तीनशे मैलांचं अंतर त्यांनी महिनाभरात कापलं. हिशेब केला तर रोजचे सोळा किलोमीटर पडतात. पुढे तेरा वर्षं देशभर चाललेल्या माणसाच्या सुरुवातीची ही चाल आहे.

गोंदिया ते आमगाव रेल्वेनं सुमारे चोवीस किलोमीटर आहे आणि गुदमा साधारण मध्यावर पडतं. म्हणून पहिला मुक्काम गुदम्याच्या परिसरात, दुसरा आमगावात. हे गणित पायांना झेपतं.

आदल्या दिवशी गोंदियात

मुंबईहून येणारी विदर्भ एक्सप्रेस गोंदियाला संपते, तशीच कोल्हापूरहून निघणारी महाराष्ट्र एक्सप्रेसही. दोन्ही गाड्यांत रात्र जाते. रात्रभराच्या प्रवासानं अंग आंबलेलं असताना त्याच दिवशी चालायला लागू नये. गोंदियात मुक्काम करावा, बाजारात फिरावं, राहिलेलं सामान घ्यावं. कुणाला तरी पुढच्या चार-पाच दिवसांच्या गावांची नावं लिहून पाठवावीत आणि रोज संध्याकाळी किती वाजता फोन करणार ते ठरवून ठेवावं. फोन आला नाही तर किती वेळ वाट बघायची आणि मग कुणाला कळवायचं, हेही त्या माणसाशी बोलून घ्यावं. एकट्याच्या वाटेवर खरी सुरक्षितता या एका बोलण्यात आहे.

सकाळी शहराबाहेर पडण्याचा टप्पा फार कंटाळवाणा असतो. राइस मिल, गोदामं, ट्रकांची रांग, धूळ. धान खरेदीच्या हंगामात तर रस्ता भरलेला असतो. हे पहिले चार-पाच किलोमीटर ऑटोनं किंवा काळी-पिवळीनं गेलात तर वाट काही बाटत नाही. शहर संपून बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, सुरू होतात तिथं उतरावं आणि चालायला लागावं.

इथला दिवस लवकर संपतो

पुण्या-मुंबईच्या माणसाला ही गोष्ट हमखास फसवते. गोंदिया राज्याच्या पूर्व टोकाला आहे. मुंबईहून ते सात अंशांहून जास्त रेखांश पूर्वेला पडतं, आणि एका अंशाला चार मिनिटं या हिशेबानं सूर्य इथं सुमारे अर्धा तास आधी उगवतो आणि अर्धा तास आधी मावळतो. डिसेंबरच्या मध्यात सकाळी पावणेसातच्या आत सूर्योदय आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सूर्यास्त. सहाला पुरता अंधार.

म्हणून सातला निघावं, बारापर्यंत मोठा टप्पा संपवावा आणि तीनपर्यंत मुक्कामाच्या गावात असावं. तीन ही वेळ मी मुद्दाम सांगतो. त्या वेळी ग्रामपंचायत उघडी असते, शाळा सुटलेली नसते, बाया-माणसं शेतातून परतत असतात. अनोळखी माणूस उजेडात आला तर गाव त्याला बघतं, विचारतं, ओळखतं. अंधारात आला तर गाव आधी सावध होतं, आणि त्यात गावाची चूक नाही.

कोणता महिना

नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पावसाळ्यात बांध्या पाण्यानं भरलेल्या, त्यांच्यामधले धुरे निसरडे आणि नाले फुगलेले असतात. मार्चनंतर ऊन चढतं. मोहफुलं वेचण्याच्या दिवसांत जंगलाच्या कडेला अस्वलांशी गाठ पडण्याचा धोका असतो, आणि मे महिन्याचं ऊन तर पायी माणसासाठी नाहीच. थंडीत मात्र इथं कडाका असतो. डिसेंबर-जानेवारीत पारा अनेकदा दहा अंशांच्या खाली जातो, त्यामुळे पातळ शालीवर भागत नाही.

दिवाळीनंतरच्या मंडईच्या दिवसांचा वेगळा विचार करावा. भाऊबीजेपासून झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागात, गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि दंडार हे लोकनाट्य, रात्री नाटक. त्या दिवशी गावात गेलात तर जेवण आग्रहानं मिळेल, माणसं भरपूर भेटतील, झोप मात्र मिळणार नाही. पहिल्या मुक्कामासाठी मंडईचं गाव टाळावं. तिसऱ्या-चौथ्या मुक्कामाला मिळालं तर जरूर थांबावं.

धुरा, पांदण आणि नहर

या पट्ट्यात चालायला चार प्रकारची जमीन मिळते.

पहिला डांबरी रस्ता. त्यावर उजव्या बाजूनं, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चालावं. हंगामात धानाच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रॉल्या खरेदी केंद्राकडे जात असतात. संध्याकाळनंतर त्यांच्या मागच्या बाजूला दिवा असेलच असं नाही.

दुसरी पांदण. गावातून शेतांकडे जाणारा हा सार्वजनिक रस्ता गावनकाशात असतो, पण प्रत्यक्षात तो कुठं रुंद, कुठं अतिक्रमणानं चिंचोळा आणि कुठं बेशरमच्या झुडपांत हरवलेला असतो. अलीकडे सरकारी योजनेतून बऱ्याच पांदणींवर मुरूम पडला आहे. चालायला याहून चांगली वाट नाही.

तिसरा नहर. बाघ सिंचन प्रकल्पाचे कालवे गोंदिया, आमगाव, सालेकसा तालुक्यांतल्या धानाला पाणी देतात. कालव्याला इकडे नहरच म्हणतात. नहराच्या पाळीवरून चाललं की वाट चुकत नाही, चढ-उतार नसतो आणि दोन्ही बाजूंची शेती दिसत राहते. फक्त पाणी सुटलेलं असताना अस्तर केलेल्या नहरात पाय धुवायला उतरू नये. उतरत्या गुळगुळीत काठावर पकड मिळत नाही आणि ओढ दिसते त्याहून जास्त असते.

चौथा धुरा, म्हणजे दोन बांध्यांमधला मातीचा बांध. धान कापल्यावर धुऱ्यावरून चालणं हा या दिवसातला सगळ्यात मोठा आनंद आहे. बांधीत कापलेल्या धानाच्या कडपा पसरलेल्या असतात, पलीकडे त्यांचे पुंजणे रचलेले असतात, हवेत ओल्या तणसाचा वास असतो. मात्र सकाळच्या पहिल्या दोन तासांत धुऱ्यावर जाऊ नका. गवतावर दव इतकं असतं की दहा मिनिटांत बूट, मोजे आणि घोट्यापर्यंतची पँट चिंब होते. ओला मोजा आणि ओली कातडी म्हणजे दुपारपर्यंत फोड. म्हणून नऊ-साडेनऊपर्यंत डांबर किंवा पांदण, ऊन पडल्यावर धुरा. धुऱ्यावरून जाताना शेतात माणूस असेल तर हाक मारून विचारावं. ‘काकाजी, इथून जाऊ का?’ एवढं पुरतं. कापलेल्या धानावर पाय देऊ नये. पुंजण्याला किंवा तणसाच्या ढिगाला टेकून बसू नये, कारण त्यात उंदीर असतात आणि उंदरांच्या मागे साप.

पांगोली नदी गोरेगाव तालुक्यात उगम पावून गोंदिया तालुक्यातून वाहत बाघ नदीला मिळते. हिवाळ्यात तिचं पात्र चालत ओलांडता येईल असं वाटतं. एकटे असाल तर पुलावरूनच जा, मग भले किलोमीटरभर वळसा पडो.

नकाशाबद्दल एक सांगतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या पद्धतीत ८० अंश रेखांशाच्या पूर्वेचा हा भाग ६४ सी या मालेत येतो. त्यातले गोंदिया आणि आमगावचे दोन तक्ते मिळाले तर तलाव, नाले आणि गाडीवाटा यांची कल्पना येते. मोबाइलवरचा नकाशा आधीच उतरवून ठेवावा. मैदानात नेटवर्क असतं, सालेकशाच्या पुढे त्याचा भरवसा धरू नये.

तलावांच्या आधारानं

भंडारा आणि गोंदिया हे तलावांचे जिल्हे. १ मे १९९९ रोजी वेगळे होईपर्यंत दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. गोंड राजांच्या आश्रयानं कोहळी समाजानं इथं शेकडो वर्षांपूर्वी तलाव बांधले. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं परंपरा सांगते. पुढे मालगुजारीच्या काळात हे तलाव मालगुजारांकडे आले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले, म्हणून त्यांना माजी मालगुजारी तलाव, बोलताना ‘मामा तलाव’ म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. लहान असेल तर ती बोडी.

चालणाऱ्यासाठी याचा अर्थ असा, की थोड्या थोड्या अंतरावर पाणी, सावली आणि माणूस मिळत राहतो. म्हणून मी पहिल्या दिवसाचे टप्पे किलोमीटरवर न मोजता तलावांवर मोजायला सांगतो. एका तलावाच्या पाळीवरून निघायचं, पुढच्या तलावाच्या पाळीवर बूट काढून दहा मिनिटं बसायचं.

दुपारी मोठा तलाव गाठा आणि तासभर थांबा. पाळ नीट बघा. बाहेरून मातीचा साधा बांध दिसतो, पण त्याची जागा फार विचारानं निवडलेली असते. दोन उंचवट्यांच्या मधली सखल जागा अडवली, की कमीत कमी मातीकामात जास्तीत जास्त पाणी थांबतं. पाळीच्या एका अंगाला तुडुम असतं, म्हणजे पाणी सोडायचं द्वार. दुसऱ्या टोकाला सांडवा, जिथून जास्तीचं पाणी खालच्या बोडीत जातं आणि तिथून तिच्या खालच्या. पाळीवर आंबा, जांभूळ, मोह, अर्जुन अशी झाडं. पाण्याच्या कडेला बेशरम माजलेली आणि गाळानं उथळ झालेला भाग दिसला तर समजा की या तलावाची देखभाल थांबली आहे. या तलावांचं दुखणं तेच आहे. मालकी गेली, गावाची दरवर्षीची डागडुजी थांबली आणि सरकारी निधीची वाट बघता बघता गाळ साचत गेला. गाळ उपसण्याच्या योजना येतात, काही ठिकाणी गावं आणि संस्था मिळून तलाव पुन्हा उभेही करत आहेत. पण पाळीवर तासभर बसल्यावर प्रत्येक तलावाबाबत या डागडुजीची तातडी वाटते.

पाण्यात ढिवर समाजाची माणसं डोंग्यातून जाळी टाकताना दिसतील. तलावांची मासेमारी त्यांच्या सहकारी संस्थांकडे असते. शिंगाड्याचा हंगाम असेल तर उकडलेले शिंगाडे मागून बघा, चालणाऱ्याला इतकं चांगलं खाणं दुसरं नाही. तलावाचं पाणी मात्र पिऊ नये. पिण्याचं पाणी गावातल्या बोरिंगवरून घ्यावं. हातपंपाला इकडे बोरिंगच म्हणतात.

सारस दिसला तर

महाराष्ट्रात सारस क्रौंच जवळजवळ फक्त या भागात उरले आहेत, आणि त्यातले बहुतेक गोंदिया जिल्ह्यात. संख्या काही डझनांपलीकडे नाही. गोंदियातली सेवा ही संस्था अनेक वर्षं शेतकऱ्यांना सोबत घेऊन त्यांची गणना आणि घरट्यांची राखण करते आहे. सारस पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या उथळ पाण्यात घरटं करतो, बहुधा दोन अंडी घालतो. थंडीत कापलेल्या शेतांत जोडी दिसते, कधी मधे एक पिल्लू.

दिसला तर जागीच थांबा. माणसाएवढ्या उंचीचा राखाडी पक्षी, लाल डोकं, आणि एक मान खाली घालून दाणे वेचत असेल तर दुसऱ्याची मान वर असते. वेचणाऱ्यानंही मान वर काढली, की तुम्ही गरजेपेक्षा जवळ आला आहात. चार पावलं मागं घ्या. फोटोसाठी धुऱ्यावरून पुढं पुढं सरकणारी माणसं मला बघवत नाहीत. आणि नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. ज्या शेतकऱ्यानं आपलं पीक तुडवलं जात असतानाही ती जोडी सांभाळली, त्याच्या शेतात दुसऱ्या दिवशी गाड्या उभ्या राहतात.

पाय

बूट नवे नकोत. महिनाभर वापरलेले आणि अर्धा नंबर मोठे हवेत, कारण दुपारनंतर पाय सुजतो. टाच किंवा करंगळी गरम लागायला लागली, की त्याच क्षणी थांबा, बूट काढा, जागा कोरडी करा आणि त्यावर कापडी चिकटपट्टी लावा. ‘पुढच्या झाडाखाली बघू’ म्हटलं की फोड आलाच. दर थांब्याला मोजे काढून वाळवा, आणि दुपारी कोरडा जोड चढवा. पहिल्या दिवशी एवढं कटाक्षानं केलं तर पुढे बहुतेक त्रास होत नाही.

पाठीवर

सहा-सात किलो पुरे. गरम कपडा, चादर, मच्छरदाणी, दोन लिटर पाणी, विजेरी, ओआरएसच्या पुड्या, चिकटपट्टी, नेहमीची औषधं, आधार कार्ड, सुट्टे पैसे, काठी. मच्छरदाणी वगळू नका. जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात मलेरिया आहे, आणि जमिनीवर झोपताना नीट खोचलेली मच्छरदाणी मण्यारीसारख्या रात्री फिरणाऱ्या सापापासूनही वाचवते. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण घालावी, थोडी थोडी नव्हे.

साप चावलाच तर झाडपाला, मांत्रिक, चीर देणं, घट्ट बांधणं यातलं काही करू नये. हलू नये, १०८ ला फोन करावा आणि ग्रामीण रुग्णालय गाठावं. गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि पहिल्या दिवसाच्या वाटेवरून ते लांब नाही.

वाट विचारताना

‘हा रस्ता गुदम्याला जातो का?’ असं विचारलं की ‘हो’ म्हणून उत्तर येतं. मन मोडू नये म्हणून माणसं हो म्हणतात. त्यापेक्षा ‘गुदम्याला कोणत्या रस्त्यानं जाऊ?’ असं विचारा, मग माणूस थांबून, हात करून, मधल्या गावांची नावं घेऊन सांगतो. ती नावं लक्षात ठेवा आणि पुढच्याला त्यातलं पहिलंच गाव विचारा.

तुम्हालाही प्रश्न येईल. ‘कोठं चालले भाऊ, पायदल?’ याचं उत्तर खरं आणि पूर्ण द्यावं: कुठून आलो, कुठं जातो, आज कुठं थांबणार. ‘गाडी बिघडली का?’ असंही विचारतील, कारण सोयीनं जाता येत असताना कुणी मुद्दाम चालत नाही. कुणी मोटरसायकलवर बसवायचा आग्रह करेल. नम्रपणे नाही म्हणायचं आणि दोन मिनिटं बोलायचं. शहरात हिंदी ऐकू येते, गावांत झाडीबोली, पोवारांच्या घरी पोवारी, पुढे सालेकशाकडे गोंडी आणि छत्तीसगडीही. आपली मराठी सगळीकडे चालते. फक्त सावकाश बोलावं.

सालेकसा आणि देवरी तालुक्यांनी नक्षल चळवळीची फार वर्षं झळ सोसली आहे, आणि त्या भागात पोलिसांची सशस्त्र दूरक्षेत्रं आहेत. पोलिसांनी चौकशी केली तर ओळखपत्र दाखवून शांतपणे सांगावं. खरं तर पुढच्या टप्प्यांत आपणच ठाण्यात जाऊन नाव नोंदवावं.

मुक्काम

गावात शिरल्यावर आधी पानटपरीवर किंवा किराणा दुकानात थांबून चहा घ्यावा आणि पोलीस पाटलांचं घर विचारावं. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमानुसार नेमलेला हा गावातला जबाबदार माणूस. त्यांना आणि सरपंचांना कळवलं की समाजमंदिर, देवळाची पडवी किंवा ग्रामपंचायतीची खोली मिळते. शाळेचा व्हरांडा हवा असेल तर मुख्याध्यापकांना विचारावं. बाई एकटी चालत असेल तर आशाताई किंवा अंगणवाडीताई गाठाव्यात. त्यांना प्रत्येक घर माहीत असतं आणि कोणत्या घरी निर्धास्त झोप लागेल हे त्या अचूक सांगतात.

जेवण कुणाच्या तरी घरून येतंच. इथं भात मुख्य, सोबत वरण, भाजी, कधी लाखोळीची डाळ. ताटात भात जितका वाढतात तितका संपत नाही, म्हणून सुरुवातीलाच हात आडवा करावा. पैसे दिले तर घरच्या बाईला वाईट वाटतं. जेवायला बसायच्या आधी दुकानातून डाळ, तेल, गूळ असं काही घेऊन जावं आणि ‘घरात राहू द्या, माय’ म्हणून ठेवावं. ते घेतलं जातं.

अंधार पडल्यावर

पहिल्या दिवसाचा अवघड भाग चालण्यात नसतो. संध्याकाळी सहा ते आठ या वेळात तो येतो. काम संपलेलं असतं, ओळखीचं कुणी नसतं, पाय ठणकत असतात, थंडी वाढत असते. आपण इथं का आलो हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाला याच वेळी पडतो. परत जावंसं वाटलं तर वाटू द्यावं, पण निर्णय त्या रात्री घेऊ नये.

उपाय साधे आहेत. गरम पाणी मिळालं तर पाय धुवावेत, दहा मिनिटं भिंतीला टेकवून वर ठेवावेत. ठरलेला फोन करावा. दिवसभरात लागलेली गावं, तलाव, भेटलेल्यांनी सांगितलेल्या खुणा वहीत लिहाव्यात; दुसऱ्या दिवशी त्या कामी येतात. आणि मग पडवीत एकटं बसण्याऐवजी जिथं शेकोटी पेटली असेल तिथं जाऊन बसावं. थंडीत ती पेटलेली असतेच. बोलणं धानाच्या भावाचं चाललेलं असतं, बोनसचं, रानडुकरांनी केलेल्या नासाडीचं, कुणाच्या पोराच्या भरतीचं. आपण ऐकावं. अर्ध्या तासानं कुणीतरी आपल्याला पुढच्या वाटेबद्दल सांगायला लागतं, मग दुसरा त्यात दुरुस्ती करतो, आणि आमगावपर्यंतची वाट नकाशात नसलेल्या तपशिलांसह तयार होते: कोणत्या बोडीपासून डावीकडे, कुठला नाला कोरडा, कोणत्या गावची कुत्री वाईट.

दुसऱ्या सकाळी

उठल्यावर आधी पाय बघावेत. फोड नसेल, सूज उतरली असेल आणि जिना किंवा ओटा उतरताना गुडघ्यात कळ येत नसेल, तर सातला आमगावकडे निघावं. फोड मोठा असेल तर गुदम्यातच एक दिवस काढावा. गुडघ्यात कळ असेल तर स्टेशनवर जाऊन पॅसेंजरची वेळ विचारावी. आमगावला उतरून दोन दिवस विश्रांती घेऊन पुढे चालता येतं, किंवा सरळ गोंदियाला परतता येतं. निघण्याआधी पोलीस पाटलांना आणि रात्रीच्या घरच्यांना सांगून जावं, झोपलेली जागा झाडावी, मच्छरदाणी झटकून घडी करावी आणि बूट घालण्यापूर्वी उलटे करून आपटावेत.